मुख्य दारातले अप्पा

“ताई, तुमचे यजमान इथे नाहीत. पत्त्यात आडनाव नीट लिहा, लगेच भेटतील,” असं म्हणून अप्पांनी बाईंना वाटेला लावलं.

शहरातली वारलेली माणसं आता एकाच सर्व्हरवर बोलायची, प्रत्येकाचा पत्ता निराळा. हे पत्ते अप्पांचा मुलगा हेरंब लावायचा. गिऱ्हाइकांचे त्याने चोख लावले; घरचं काय, करू सावकाश, म्हणून अप्पा वारल्यावर त्यांना पत्त्याविना सर्व्हरच्या मुख्य दारातच बसवलं. मग पत्ता चुकलेला प्रत्येक जण अप्पांकडेच.

वर्षभराने कोणीतरी तक्रार केली, तेव्हा हेरंब पहिल्यांदा तिथे गेला.

“बोला, संकोच नको. कोणाकडे जायचं होतं?”

“अप्पा, मी हेरंब.”

“अरे, तू! आणि तू कोणाला शोधताना चुकलास?”

‘तुम्हालाच’ म्हणायला हेरंबची जीभ रेटेना.