वरचा थर

मुलांनो, कल्पना करा, चिखल्याच्या शाळेत डॉक्टरांचं शिबिर भरलंय आणि तुमच्याएवढी हिरकणी तापाने फणफणलेल्या आईला धरून टेबलापाशी उभी आहे. शहरातून आलेले मोठे डॉक्टर सरपंचांना लॅपटॉपवर कुणा परक्याचाच मेंदू दाखवण्यात रंगलेत. हा रक्तपुरवठ्याचा नकाशा, त्यावर हा बोलण्याचा, त्यावर हा आठवणींचा. रंगांच्या त्या गोधडीखाली मेंदू कुठे गेला, ते सरपंचांनी विचारलं नाही.

"डॉक्टर, माझ्या आईच्या डोक्याला..." हिरकणी म्हणाली.

"डोकंच दुखतंय ना? टेन्शन असतं बायकांना. या गोळ्या दे तिला," स्क्रीनवरची नजर न हलवता डॉक्टर म्हणाले. "आणि इकडे बघ, तुलापण शिकवतो. सोपं आहे. वरचा थर काढला की खालचं दिसतं."

आई पदर सावरून खाली मान घालून बसली होती. परक्या पुरुषासमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता.



हिरकणीने तो हळूच मागे सारला. नारळाची झावळी पडून झालेली जखम हळदीखाली चिघळली होती.