फोटोच्या नावाचं शेपूट

गंगापूरच्या माझ्या अम्मीला आता नीट दिसत नाही. म्हणून माझ्या लेकीचे, आमरीनचे फोटो पाठवताना त्यात काय आहे ते मी फाइलच्या नावातच लिहिते. जोहराभाभी तिला वाचून दाखवतात.

"हे नाव आहे का तहसीलचा अर्ज?" म्हणत माझ्या नवऱ्यानं, जिब्राननं नावं आखूड करणारं सॉफ्टवेअर बनवून दिलं. "नाव कितीपण कापलं तरी शेवटचं जेपीजी ते ठेवतं. त्यावरनंच कळतं, फोटो आहे का आवाज."

आज दुपारी सगळी नावं आखूड झाली. एकाच्या शेवटी मात्र एमपीथ्री होतं. 'आमरीन तिच्या अम्मीच्या मां', एवढंच उरलेलं; पुढचं 'मांडीवर' कापलं गेलं असावं. मी तर आवाज कधी रेकॉर्डच केला नव्हता.

वाळूजला ड्यूटीवर असलेल्या जिब्रानला फोन लावला.

"सॉफ्टवेअर शेपटाला हात लावत नाय," तो म्हणाला. "वाजवून बघ ना."

वाजवलं. एक बाई अंगाई म्हणत होती. आवाज माझा नव्हता. मध्येच थांबून ती म्हणाली, "आमरीन, इकडं ये."

आमरीन सहा महिन्यांची आहे, अजून रांगत नाही.

ती माझ्या मांडीवरून उतरली. माझ्या हातातल्या फोनकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती रांगत आतल्या खोलीकडं निघाली.