गर्दी नसलेले दिवस

आमची ही गेली, तेव्हा श्रीरंगला अमेरिकेत रजा मिळाली नव्हती. दोन वर्षांनी त्याची दाढ दुखायला लागली, तेव्हा मिळाली. विमानाचं भाडं धरूनही दाढ इकडे स्वस्तात निघते म्हणे. फोनवर म्हणाला, "बाबा, उल्हासनगरच्या डॉक्टरांना विचारा, कधी येऊ?"

डॉक्टर म्हणाले, "कभी भी आने दो."

मी पंचांग बघून त्याला सांगितलं, "पितृपक्षात ये. तेव्हा दवाखान्यात गर्दी नसते." नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात. त्या दिवशी तो आईसाठी पाटावर बसावा, एवढंच मला हवं होतं.

तो आला. नवमीच्या सकाळीच त्याला दाढ दाखवायची घाई. डॉक्टर मला म्हणाले, "अंकल, पितृपक्ष है, एक भी पेशंट नहीं. अभी निकाल देता हूँ."

दुपारी श्रीरंग पाटावर बसला. तोंडात कापसाचा बोळा, अर्धा जबडा बधिर. गुरुजी म्हणाले, "आईचं नाव घ्या." त्याच्या तोंडून नुसतं "उं" आलं.

मागून मीच म्हणालो, "कुमुदिनी." लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच.