आरोपाचा ढीग

अर्पिताच्या पीएच.डी.चा प्रयोग साफ फसला. पण तो फसलाच नाही असं धरून पुढं वाचा, कारण मार्गदर्शक सरांना तिनं अजून तसंच सांगितलंय.

जाफराबादेत भुजंगमामांच्या कापडदुकानात गेल्या दिवाळीपासून पडून राहिलेल्या शर्टांचे तिनं दोन ढीग केले. एकावर प्रयोगापुरती खोटी पाटी लावली: 'शिवणाऱ्या कामगारांची मजुरी बुडवल्याचा या कंपनीवर आरोप आहे.' या ढिगाला गिऱ्हाईक शिवणार नाही, हे तिला सिद्ध करायचं होतं. नाहीतर अख्खा प्रबंध नव्यानं लिहिणं आलं.

पाटी वाचून पहिल्याच गिऱ्हाईक उषाबाई हळहळल्या, डोळ्यांना पदर लावला आणि त्याच ढिगातला शर्ट उचलला.

"भुजंगभाऊ, मजुरी दिलीच न्हाई, मंग ती आमच्याकडून कशाला घेऊन राह्यले? बराबर कमी करा."

मामांनी भाव कमी केला. दुपारपर्यंत तो ढीग संपला. बिनआरोपाच्या ढिगाकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी अर्पिता डोकं धरून बसली आणि शेजारी मामा विद्यापीठाला अर्ज लिहायला बसले.



'...तरी दुकानातील उर्वरित मालावरही दिवाळीपूर्वी आरोप मंजूर करण्यात यावेत, ही नम्र विनंती.'