घरचा पत्ता

चालकाविना धावणारी गाडी नवा महामार्ग सोडून मध्येच एका सरबताच्या टपरीकडे वळली, तशी शालनच्या मनात पाल चुकचुकली. या महामार्गामुळे गोवा आता घरापासून अवघ्या तीन तासांवर आला होता. वाटेत कुणी थांबतच नसे.

"मी नाही हं सांगितलं गाडीला," रघुवीर घाईघाईने म्हणाला.

सांगावं लागतच नव्हतं. निरोप घेताना माणूस जिथे 'येतो' म्हणे, ती जागा गाडी लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी तिथे आपोआप थांबे.

टपरीवाली हसत ग्लास घेऊन आली. "तुमचं कोकम, बिनमिठाचं!"

शालनच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हिला बरं 'येतो' म्हणता," ती फणकारली. "घरातून निघताना मात्र नुसतं 'चाललो'! म्हणून तर रोज संध्याकाळी गाडीला आपल्या घराचा पत्ता सांगावा लागतो तुम्हाला."