इलाहीभाईंची बोटं

मिरजेत सतारी बनवणाऱ्या इलाहीभाईंचा हात थरथरू लागला, तेव्हा सगळ्यांनी कंपवातच ठरवला. कित्येक वर्षं त्यांनी गोळ्या घेतल्या, पण थरथर वाढतच गेली.

नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना हात पुढे करून डोळे मिटायला सांगितलं. डोळे मिटताच बोटं आपोआप वळवळू लागली.

"हा कंपवात नाही," त्या म्हणाल्या. "हाताच्या नसा सुकल्यात. बोटं कुठं आहेत, हेच मेंदूला कळत नाही."

"मग आता बरं होईल?" त्यांच्या बायकोनं, झुबेदानं विचारलं.

"सुरुवातीलाच कळलं असतं, तर नसा वाचल्या असत्या. आता फार उशीर झालाय."

परतताना रिक्षात झुबेदानं त्यांचा हात घट्ट धरला. इलाहीभाई बाहेर बघत राहिले. घर आल्यावर त्यांची नजर खाली गेली.

"हात कधी धरलास?" त्यांनी विचारलं.