बदली वादक

ज्या मास्तरांनी त्याला सॅक्सोफोन शिकवला, त्यांच्या पत्राला त्याने बारा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच ओळ होती : 'माझ्या जागी तुला एका संध्याकाळपुरतंच पाठवलं होतं ना रे?'

मास्तरांच्याच त्या नावाजलेल्या बँडमध्ये वाजवता वाजवता तो अलीकडे एकट्याचेही कार्यक्रम करू लागला होता. गेल्या आठवड्यात बँडचा आणि त्याचा स्वतःचा कार्यक्रम एकाच दिवशी आले. बँडचा नियम जुनाच होता : रजा हवी तर बदली वादक आपणच द्यायचा. त्याने स्वतःच सॅक्सोफोन शिकवलेल्या धाकट्या भावाला आपला बँडचा कोट दिला, श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा कागदावर पेन्सिलीने लिहून दिलं.

"दादा, तू निर्धास्त जा. तुझी जागा मी सांभाळतो."

आज तालमीला आल्यावर त्याने खुंटीवरचा कोट अंगात चढवला, तर बाह्या चार बोटं आखूड! भावाच्या मापाने कापून शिवलेल्या.

"मी नको म्हणत होतो रे दादा," भाऊ खाली बघत पुटपुटला, "पण बँडप्रमुखच ऐकेनात."

घरी न जाता तो थेट पोस्टात गेला आणि त्याने उभ्या उभ्याच कार्ड लिहून पेटीत टाकलं :



'मास्तर, "मी नको म्हणत होतो" हे मी तुम्हाला तेव्हा खोटंच सांगितलं होतं.'